टँक सगळ्यांसाठी करायचाय? मग आधी पाण्यातून बाहेर कसं यायचं ते ठरवा

आपल्याकडे कुठल्याही शहरातला महापालिकेचा नाहीतर नगरपालिकेचा स्विमिंग टँक घ्या, बांधणी साधारण सारखीच असते. गेटला तीन-चार पायऱ्या, तिकिटाची खिडकी, चेंजिंग रूम, मग पाय बुडवून पुढे जायची ती फूटबाथची कुंडी, मग कोटा फरशीचा काठ आणि पाण्यात उतरायला उभी स्टीलची शिडी. दिव्यांगांसाठी काहीतरी करा असं वरून आलं की गेटच्या पायऱ्यांशेजारी रॅम्प होतो आणि बहुतेक ठिकाणी काम तिथेच थांबतं, म्हणजे व्हीलचेअरवरचा माणूस तिकिटाच्या खिडकीपर्यंत पोचतो आणि पाणी लांबून बघतो.

हे लिहितोय ते टँकच्या मॅनेजरसाठी, कोच आणि लाइफगार्डसाठी, पालिकेच्या जेईसाठी म्हणजे कनिष्ठ अभियंत्यासाठी, आणि ज्यांच्या घरात कुणी दिव्यांग आहे आणि ज्यांना पालिकेत जाऊन नेमकं काय मागायचं ते कळत नाही त्यांच्यासाठी. टँकवर शिकवताना एक गोष्ट सारखी दिसते की सगळे विचार करतात पाण्यात कसं उतरवायचं याचा, बाहेर कसं यायचं याचा कुणीच करत नाही. उतरणं त्या मानाने सोपं असतं हो. अंग कोरडं असतं, दम असतो, उत्साह असतो, काठावर बसून माणूस सरळ आत सरकू शकतो. पाऊण तास पोहून झाल्यावर हात थकलेले असतात, थंडी वाजत असते, ओलं अंग फरशीवर सरकत नाही तर चिकटतं आणि कातडी ओढली जाते, आणि पाण्यात जे वजन जाणवत नव्हतं ते काठावर येताना सगळंच्या सगळं परत येतं. तेव्हा मग दोन जण बगलेत हात घालून ओढून काढतात. खांदा दुखावतो, पाठ घासते, आणि सगळा टँक बघत असतो. तो माणूस पुन्हा येत नाही आणि आपण म्हणतो की दिव्यांग लोक येतच नाहीत, सोय कुणासाठी करायची.

"आमची पोरं उचलून ठेवतात ना" हे वाक्य मी खूप वेळा ऐकलंय, मनापासून आणि प्रेमाने म्हटलेलं. पण उचलून ठेवणं म्हणजे सोय नाही. सोय म्हणजे ज्याला एकट्याला जमू शकतं त्याला एकट्याला जाता आलं पाहिजे आणि एकट्याला परत येता आलं पाहिजे, मदत लागली तर ती त्याने सांगितल्याप्रमाणे मिळाली पाहिजे.

पहिलं काम: टेप घेऊन उलटं चाला

इस्टिमेट करायच्या आधी एक दिवस टँक बंद असताना एक व्हीलचेअर, एक मोजायची टेप आणि निदान दोन-तीन वेगवेगळ्या अडचणींची माणसं बरोबर घ्या. एक व्हीलचेअरवरचा, एक कुबड्या किंवा कॅलिपर (पायाला बांधायचा धातूचा आधार) वापरणारा, एक अंध, जमलं तर एखादी आई जिचा मुलगा ऑटिस्टिक आहे. यांच्याशिवाय केलेली पाहणी कागदावरच राहते. आणि सुरुवात गेटपासून नाही, पाण्यातून करा. पाण्यात उभं राहून विचारा, इथून काठावर कसं यायचं? काठावरून खुर्चीत कसं बसायचं? खुर्चीतून शॉवरपर्यंत? शॉवरमधून टॉयलेट, टॉयलेटमधून कपडे, कपड्यांतून गेट, गेटमधून रिक्षा. जिथे कुठे "इथे कुणीतरी धरावं लागेल" असं म्हणावं लागतं तिथे खडूने खूण करा. ही खुणांची यादी म्हणजेच तुमचं इस्टिमेट.

टेपने काय मोजायचं तर दरवाज्याची मोकळी रुंदी निदान ९०० मिलिमीटर म्हणजे साधारण ३ फूट, आणि व्हीलचेअर वळायला १५०० मिलिमीटरचा गोल म्हणजे ५ फूट मोकळी जागा. रॅम्पचा चढ १:१२ पेक्षा जास्त नको. हे लोक ऐकतात पण हिशोब करत नाहीत. तीन पायऱ्या म्हणजे साधारण १८ इंच उंची, त्याला १८ फूट लांब रॅम्प लागतो. सहा-सात फुटांत बसवलेला जो रॅम्प दिसतो त्यावरून व्हीलचेअर स्वतः चढवता येत नाही आणि उतरताना मागे कुणी नसेल तर पुढे कोसळते. जागा नसेल तर रॅम्प वळवून घ्या, वळणावर सपाट जागा ठेवा, दोन्ही बाजूंना कठडा लावा.

फूटबाथची कुंडी

यावर जरा सविस्तर लिहितो कारण हा अडथळा कुठल्याच सरकारी यादीत ठळक नसतो आणि आपल्या टँकवर सगळ्यात मोठा हाच असतो. चेंजिंग रूममधून काठाकडे जाताना पूर्ण रस्ताभर पसरलेला, वीतभर खोल, क्लोरिनच्या पाण्याचा हौद. दोन्ही बाजूंना भिंत, वरून शॉवर. उद्देश चांगला आहे, पाय धुऊन जावेत. पण व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं त्यात उतरली की अडकतात, कुबडीचं रबर त्या शेवाळलेल्या तळावर सटकतं, आणि अंध माणसाला कुणी सांगितलं नसेल तर पाय एकदम खाली जातो.

उपाय तीन आहेत. कुंडीची दोन्ही टोकं कापून सौम्य उताराची करायची, म्हणजे चाक आत जाईल आणि बाहेर येईल, आणि बाजूला कठडा लावायचा, हा चांगला उपाय. तेवढं काम शक्य नसेल तर कुंडी टाळून जाणारा दुसरा दरवाजा असतोच, बऱ्याच टँकवर पंपरूमच्या बाजूने असतो, तो उघडा आणि तिथे पाइपला हँड शॉवर लावून ठेवा, चाकं आणि पाय तिथे धुता येतात. पण कुलूप लावून किल्ली ऑफिसात ठेवली तर तो दरवाजा असून नसल्यासारखा. तिसरा उपाय मला सगळ्यात आवडतो, टँकची स्वतःची एक पाण्यातली व्हीलचेअर ठेवायची, पीव्हीसी पाइपची किंवा चांगल्या स्टेनलेस स्टीलची, जी कधीच बाहेरच्या रस्त्यावर जात नाही. माणूस चेंजिंग रूममध्ये स्वतःच्या खुर्चीतून या खुर्चीत बसतो आणि पुढे जातो. बाहेरची घाण काठावर येते हा आक्षेप तिथेच संपतो, आणि त्याची स्वतःची महागडी खुर्ची, तिचे बेअरिंग, तिची गादी क्लोरिनच्या पाण्यापासून वाचते.

कपडे, शॉवर, टॉयलेट

चेंजिंग रूममध्ये नुसता रुंद दरवाजा करून भागत नाही. पॅराप्लेजिक म्हणजे कमरेखालचं अंग लुळं पडलेल्या माणसाला पँट बदलायला आडवं व्हावं लागतं, त्यामुळे एक रुंद बाक, खुर्चीच्या सीटच्या उंचीचा म्हणजे १७-१८ इंचाचा, भिंतीला पक्का बसवलेला लागतो. शॉवरखाली भिंतीला घडी होणारी सीट, शेजारी धरायचा बार, आणि नळ बसून हात पोचेल एवढ्या उंचीवर. नळाची गोल फिरवायची चकती काढा, दांडीचा नळ लावा, कोपराने सुद्धा उघडतो. दाराच्या कड्या पण तशाच. सोलापूर जिल्ह्यातला सुयश जाधव आठवा, दोन्ही हात नाहीत, २०१८ च्या जकार्ताच्या आशियाई पॅरा गेम्समध्ये ५० मीटर बटरफ्लायमध्ये सुवर्ण मिळवलं. अशा पोहणाऱ्याला ना रॅम्प लागतो ना लिफ्ट. त्याला अडवेल ती घट्ट कडी आणि गोल नळ. दिव्यांग म्हणजे व्हीलचेअर एवढंच डोक्यात धरून काम केलं की अशी माणसं राहून जातात.

टॉयलेट कमोडचं हवं, शेजारी बार हवा, आणि दार बाहेर उघडणारं हवं म्हणजे आत कुणी पडलं तर दार अडकणार नाही. आणि कृपा करून त्यात झाडू, क्लोरिनचे ड्रम, जुने फ्लोट ठेवू नका.

आता एक मुद्दा ज्याच्यावर मिटिंगमध्ये कुणी बोलत नाही. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा, सेरेब्रल पाल्सी किंवा ऑटिझम असलेला, त्याला टँकवर आई घेऊन येते, कारण वडील कामावर असतात. त्याचे कपडे कुठे बदलायचे? पुरुषांच्या खोलीत आई जाऊ शकत नाही, बायकांच्या खोलीत मुलगा जाऊ शकत नाही. वयात आलेली मुलगी आणि तिचा बाप, किंवा पक्षाघात झालेला नवरा आणि त्याची बायको, यांचंही तेच. कितीतरी मुलांचं पोहणं केवळ एवढ्यासाठी बंद होतं. त्यासाठी एक स्वतंत्र खोली लागते जिला थेट कॉरिडॉरमधून दार आहे, आत कमोड, शॉवर आणि रुंद बाक आहे, आणि बाहेर "कुटुंब व मदतनीस" एवढंच लिहिलंय. लिफ्ट नंतर आणा, ही खोली आधी करा. खर्चही कमी आहे.

काठ

कोटा ओला झाला की किती घसरडा होतो ते सगळ्यांना माहितीय. खडबडीत अँटिस्किड टाइल लावा, पण अती खरखरीतही नको, कारण ज्याच्या पायाला संवेदना नाही त्याची कातडी घासून निघते आणि त्याला कळत पण नाही. ओव्हरफ्लोच्या नाल्यावरची जाळी बघा, तिच्या फटीत चाक किंवा कुबडीचं टोक अडकायला नको. काठाची कड गडद रंगाच्या पट्टीने रंगवा, कमी दिसणाऱ्यांना पाणी कुठे सुरू होतं ते समजतं, निळ्या पाण्यावर निळी टाइल काहीच कामाची नाही. खोलीचे आकडे मोठे आणि ठळक, काठावर आणि भिंतीवर दोन्हीकडे.

आणि ज्याची खुर्ची, कुबड्या किंवा जयपूर फूट आहे ते काठावर त्याच्या नजरेसमोर ठेवा, एका ठरलेल्या जागी, सावलीत आणि कोरडं. "चोरीला जाईल म्हणून ऑफिसात ठेवलं" असं होतं, मग तो बिचारा पाण्यात हाका मारत बसतो.

पाण्यात आणि पाण्याबाहेर

नेमके आकडे घ्यायचे तर अमेरिकेतली २०१० ची एडीए म्हणजे तिथल्या दिव्यांग कायद्याची मानकं उपयोगी पडतात, तिथे टँकसाठी वेगळी मापं दिली आहेत. त्यांचा साधा नियम असा की टँकची सगळ्या बाजूंची भिंत मिळून ३०० फुटांपेक्षा कमी असेल तर पाण्यात जायची एक सोय पुरते, ती मात्र उतार किंवा लिफ्ट यांपैकीच हवी, आणि त्याहून मोठ्या टँकला दोन सोयी लागतात. आपला नेहमीचा २५ बाय १२.५ मीटरचा टँक म्हणजे घेर ७५ मीटर, साधारण २४६ फूट, एकात भागतं. ५० बाय २५ असेल तर घेर ४९० फुटांवर जातो, तिथे दोन.

नवा टँक बांधताय तर दुसरा विचार करू नका, पाण्यात जाणारा उतार करा. १:१२ चा चढ, दोन्ही बाजूंना कठडा, २ ते अडीच फूट खोलीपर्यंत. म्हणजे २४ ते ३० फूट लांब होतो, म्हणून तो लेनमध्ये घुसवायचा नाही, टँकच्या बाजूला वेगळा खाचा काढून द्यायचा. यात बिघडायला काही नाही, वीज नाही, बॅटरी नाही, आणि तो आजीबाईंना, गुडघे दुखणाऱ्यांना, पहिल्यांदा पाण्याला घाबरणाऱ्या पोरांना, सगळ्यांना उपयोगी पडतो. टँकची ती वेगळी व्हीलचेअर इथे पुन्हा कामाला येते, तिच्यावर बसूनच पाण्यात उतरता येतं.

जुन्या टँकला उतार बसत नाही, तिथे लिफ्ट. काठावर बसवलेला खांब, त्याला हात, हाताला खुर्ची. खुर्ची काठावर असताना सीट १६ ते १९ इंच उंचीवर हवी म्हणजे व्हीलचेअरवरून सरळ सरकता येतं, पाण्यात ती निदान १८ इंच खाली गेली पाहिजे नाहीतर माणूस तरंगून सुटत नाही, वजन निदान १३६ किलो पेललं पाहिजे, आणि बसवायची जागा अशी की पाणी ४ फुटांपेक्षा खोल नाही. सगळ्यात महत्त्वाचं, बटण काठावरून आणि पाण्यातून दोन्हीकडून चालवता आलं पाहिजे. खरेदी करताना नेमका हाच मुद्दा सुटतो. रिमोट लाइफगार्डच्या हातात असेल तर त्या माणसाला बाहेर यायला परवानगी मागावी लागते.

बसवताना स्ट्रक्चरल इंजिनिअरला काठाचा स्लॅब बघायला सांगा, खाली ओव्हरफ्लोचा नाला किंवा बॅलन्सिंग टँक (ओसंडलेलं पाणी साठवायची टाकी) असेल तर तिथे लिफ्टचे अँकर बोल्ट धरत नाहीत. स्टील ३१६ ग्रेडचं मागा, ३०४ ला क्लोरिनच्या हवेत लवकर गंज चढतो. टेंडरमध्येच देखभालीचा करार टाका आणि जास्तीची एक बॅटरी घ्या. रोज सकाळी पहिल्या बॅचच्या आधी लिफ्ट रिकामी एकदा खाली-वर करून रजिस्टरमध्ये सही करायची, ही सवय लावा. लिफ्टवर ताडपत्री टाकून बांधून ठेवू नका. जिथे ती झाकलेली असते तिथे कुणी मागायला धजत नाही.

लिफ्टला पैसे नसतील तर ट्रान्सफरच्या पायऱ्या करता येतात, आणि मला वाटतं आपल्या छोट्या शहरांसाठी सुरुवात इथूनच करावी. काठावर १६ ते १९ इंच उंचीचा एक ओटा, तिथून पाण्यात उतरत जाणाऱ्या रुंद पायऱ्या, प्रत्येक पायरी ८ इंचांपेक्षा कमी उंच, निदान १४ इंच खोल आणि २ फूट रुंद, कडा गोल केलेल्या, बाजूला धरायला बार. माणूस खुर्चीतून ओट्यावर सरकतो आणि बसल्या बसल्या एकेक पायरी खाली जातो. येताना एकेक पायरी वर. ज्यांचे हात-खांदे मजबूत आहेत त्यांना हे पुरतं, पोलिओवाल्या कितीतरी जणांना पुरेल. मानेच्या दुखापतीवाल्याला पुरणार नाही, म्हणून हे लिफ्टच्या ऐवजी समजू नका, लिफ्ट येईपर्यंतची सोय समजा. टाइल बदलायला किंवा दुरुस्तीला टँक रिकामा होतो तेव्हाच हे काम काढा.

दिसत नाही, ऐकू येत नाही, गोंगाट सहन होत नाही

अंध माणसाला पहिल्या दिवशी कोरड्यात पूर्ण टँक फिरवून दाखवा, हात लावून. काठ, शिडी, उथळ बाजू, खोल बाजू, लेनची दोरी. दोरीला हात घासत पोहलं की दिशा सरळ राहते. भिंत जवळ आल्याची खूण द्यायला स्पर्धेत टॅपर असतो, लांब काठीच्या टोकाला मऊ गोळा असतो त्याने तो पोहणाऱ्याच्या डोक्याला किंवा खांद्याला हलकेच स्पर्श करतो आणि पोहणारा वळतो. नागपूरची कांचनमाला पांडे, जन्मापासून दृष्टिहीन, २०१७ मध्ये मेक्सिकोतल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत हिने २०० मीटर मेडलेमध्ये सुवर्ण जिंकलं. टॅपरची काठी बांबूला फोम गुंडाळून टँकवरच बनते, कुठल्याही कोचला अर्ध्या तासात शिकवता येते. मात्र वेळ चुकली तर डोकं भिंतीवर आपटतं, त्यामुळे टॅपर गप्पा मारणारा नको.

कर्णबधिर पोरांना शिट्टी ऐकू येत नाही, कानातलं मशीन काढून ठेवलेलं असतं. त्यांच्यासाठी दिवा लावा, भिंतीवर एक मोठा फ्लॅश होणारा, शिट्टीबरोबर पेटणारा. तो नसेल तर लाल झेंडा, आणि पोरांना आधी सांगून ठेवायचं की झेंडा दिसला की काठ धरा. स्टाफला थांब, बाहेर ये, खोल आहे, ठीक आहेस का, एवढ्या चार-पाच खुणा आल्या तरी खूप फरक पडतो.

ऑटिस्टिक मुलांसाठी पत्र्याच्या शेडखाली घुमणारा आवाज हाच मोठा त्रास. आठवड्यात काही बॅच शांत ठेवा, लाउडस्पीकर बंद, शिट्ट्या कमी, माणसं निम्मी. कपडे काढणे, शॉवर, पाणी, शॉवर, कपडे अशी चित्रांची पट्टी भिंतीवर लावा. कोच बदलू नका. आणि यातली बरीच मुलं पाण्याकडे ओढली जातात, धोका कळत नाही, म्हणून टँकच्या गेटला आपोआप बंद होणारी कडी हवीच हवी.

नियम आणि माणसं

फॉर्म काढून बघा. "कोणतेही शारीरिक व्यंग नाही" असं लिहून द्यायची ओळ असेल तर ती आजच काढा. डॉक्टरचा दाखला सगळ्यांना लागतो तसा यांनाही मागा, पण वेगळा जादा दाखला नको. मदतनीसाला तिकीट लावू नका, तो पोहायला आलेला नाही. "कॉस्च्युमशिवाय काही चालणार नाही" हा नियम सैल करा, कारण पायाला संवेदना नसलेल्या माणसाने पाण्यात मोजे घालायलाच हवेत, तळाच्या टाइलवर अंगठे घासून जखम होते आणि ती भरायला महिने जातात. पाऊण तासाची बॅच असेल तर यांचा वेळ पाण्यात उतरल्यापासून धरा, कपडे बदलण्यातच निम्मा वेळ जातो.

स्पेशल बॅच ठेवताय तर चांगलंच, पण उघड्या टँकवर तिला दुपारी एकची वेळ देऊ नका. मानेच्या दुखापतीत अंगाला घाम नीट येत नाही आणि तापमान सांभाळता येत नाही, तापलेल्या फरशीवर बसलं तर भाजतं आणि कळत नाही. उलट हिवाळ्यात पहाटेच्या गार पाण्यात पाय आखडतात. सकाळी आठ-नऊनंतरची नाहीतर संध्याकाळची वेळ द्या. आणि स्पेशल बॅच आहे म्हणून बाकीच्या बॅच बंद असं नको, एखाद्याला मित्रांबरोबर संध्याकाळी सहाला पोहायचं असेल तर त्याला यायला मिळालंच पाहिजे.

लघवी-शौचाचा विषय स्टाफ कुजबुजत काढतो, तो सरळ बोलून टाका. येण्याआधी मूत्राशय रिकामं करायचं, पोटावरची पिशवी रिकामी करून नीट बंद करायची, गरज असेल त्याने पाण्यात चालणारी घट्ट चड्डी घालायची. एवढं केलं तर त्यांना नाकारायचं कारण उरत नाही. उघडी जखम किंवा बेडसोर असेल तर मात्र भरेपर्यंत पाणी नाही, हे त्याच्याच भल्याचं आहे.

लाइफगार्डला दोन गोष्टी शिकवा. पाण्यात फिट आली तर डोकं मागून धरून तोंड पाण्यावर ठेवायचं, भिंतीपासून लांब न्यायचं, तोंडात काही घालायचं नाही, झटका थांबला की बाहेर काढून १०८ लावायचाच, कारण पाणी फुफ्फुसात गेलेलं असू शकतं. आणि पाठीच्या कण्याला छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत दुखापत असलेल्या माणसाचं एकदम डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला तर त्याचं ब्लडप्रेशर झपाट्याने चढतंय, त्याला आडवं करू नका, बसवा, घट्ट कपडे सैल करा, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी तुंबलीय का बघा आणि लगेच दवाखाना. शिवाय लिफ्ट बंद पडली तर स्पाइन बोर्डवरून (माणसाला आडवं ठेवून न्यायची सपाट फळी) बाहेर काढायची प्रॅक्टिस दर महिन्याला, बगलेत हात घालून ओढायचं नाही म्हणजे नाही. आणि हात लावायच्या आधी विचारायचं, "कसं धरू?" ते त्याला सगळ्यात चांगलं माहीत असतं.

पालिकेत काय मागायचं

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३० मध्ये खेळाच्या सोयी दिव्यांगांसाठी नव्याने आखायला सांगितलंय, आणि कलम ४५ प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा, करायच्या होत्या. नियम निघाले जून २०१७ मध्ये, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली. त्यानंतर ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सुगमतेचे निकष नुसती शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, बंधनकारक निकष करा. अर्जात हे चार संदर्भ लिहा, अर्जाचं वजन बदलतं.

पैसे नाहीत असं उत्तर येईलच. आपल्या राज्यात पालिकांना स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी ठेवायचे असतात. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका आणि विचारा, गेल्या तीन वर्षांत हा निधी किती होता, किती खर्च झाला, कशावर झाला, आणि टँकच्या इमारतीची सुगमता तपासणी झाली असेल तर तिची प्रत द्या. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर आणि तुमची खडूच्या खुणांची यादी जोडून आयुक्तांना नाहीतर मुख्याधिकाऱ्यांना पत्र द्या, पोच घ्या. काही हललं नाही तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. मात्र माझा अनुभव असा की भांडणाआधी जेईला एकदा टँकवर बोलवावं, व्हीलचेअरवरच्या माणसाबरोबर कुंडीपर्यंत चालत न्यावं. तिथे चाक अडकलेलं डोळ्यांनी बघितल्यावर वार्षिक दुरुस्तीच्या इस्टिमेटमध्ये कुंडी, बाक, बार, नळ हे सगळं त्याच वर्षी बसू शकतं. लिफ्ट पुढच्या बजेटला.

कुणी म्हणालं की एवढं करून येणार कोण, तर त्यांना मुरलीकांत पेटकरांचं नाव सांगा. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झालेले जवान, उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदात पोहून भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण घेऊन आले. पण खरं सांगायचं तर पदकाची गोष्ट सांगायची सुद्धा गरज पडू नये. बाकीची माणसं टँकवर येतात ती काही पदकासाठी नाही, उन्हाळ्यात गार वाटतं म्हणून येतात. दिव्यांगांनाही तेवढंच कारण पुरे.

काम झालं की गेटवर मोठ्या अक्षरांत बोर्ड लावा आणि नुसतं "दिव्यांगांसाठी सोय उपलब्ध" असं लिहू नका. नेमकं काय आहे ते लिहा. रॅम्प आहे, कुटुंब खोली आहे, टँकची व्हीलचेअर आहे, ट्रान्सफरच्या पायऱ्या आहेत, लिफ्ट अजून नाही, शांत बॅच अमुक वारी, फोन नंबर हा. लिफ्ट दुरुस्तीला गेली असेल तर तेही त्याच दिवशी लिहा, कारण लांबून रिक्षाचे पैसे घालून, घरच्याला सुट्टी घ्यायला लावून आलेला माणूस गेटवरून परत जाता कामा नये.